वाटेवरचं जंगल आणि मागे राहिलेली राणी

‘पद्मावत’ म्हटलं की बहुतेकांना आधी ‘घूमर’ आठवतं, मग मोर्चे, मग नावातून गळालेला ‘ई’कार. २०१८च्या जानेवारीत संजय लीला भन्साळींचा सिनेमा आला तेव्हा सगळी भांडणं राणीच्या इज्जतीवरून आणि राजपुतांच्या मानावरून झाली. मूळ काव्य एका सूफीने लिहिलंय, हे कुणाच्या फारसं ध्यानातही आलं नाही. मलिक मुहम्मद जायसी हा अवधचा, जायस गावचा कवी. त्याने १५४०च्या सुमारास, शेरशहाच्या काळात, अवधी भाषेत हे काव्य लिहिलं. प्रेमात पडलेला माणूस स्वतःला कुठे आणि कसा हरवतो, हा त्याचा खरा विषय आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वाचकासाठी यात आणखी एक गंमत आहे. या प्रेमाची वाट आपल्या भागाला खेटून जाते.

गोष्ट थोडक्यात अशी. सिंहल द्वीपाची राजकन्या पद्मावती आणि तिचा शहाणा पोपट हिरामण. राजाचा राग ओढवल्यामुळे पोपट रानात पळतो आणि पारध्याच्या हाती लागतो. चित्तोडहून व्यापाऱ्यांचा तांडा तिथे आलेला असतो. बाकीचे हिरे-माणकं घेतात. कर्ज काढून आलेला एक गरीब ब्राह्मण मात्र हा पोपट विकत घेतो. पोपट राजा रत्नसेनाकडे पोचतो, पद्मावतीचं वर्णन करतो आणि राजा न पाहिलेल्या बाईसाठी मूर्च्छित पडतो. मग राज्य सोडून, अंगाला राख फासून, हातात किंगरी घेऊन जोगी होतो आणि सोळा हजार कुमारांसह निघतो.

सिनेमात यातलं काय उरलं? तिथे रत्नसेन सिंहलला जातो तो मोती आणायला. रानात शिकार करणाऱ्या पद्मावतीचा बाण त्याला लागतो आणि प्रेम जमतं. पोपट नाही, जोगी नाही, वाट नाही. कुणी म्हणेल, अडीच-तीन तासांत सगळं कसं बसवणार? पण इथे जे कापलंय तेच तर सूफी आहे. सूफी प्रेमाख्यानात प्रेम हा अपघात नसतो, तो प्रवास असतो. दाऊदचं ‘चांदायन’ (१३७९), कुतबनचं ‘मृगावती’ (१५०३), मंझनचं ‘मधुमालती’ (१५४५) या सगळ्यांत नायकाला घर सोडून निघावं लागतं. आधी नाव जातं, मग कपडे, मग सत्ता, शेवटी ‘मी’. याला सूफी ‘फना’ म्हणतात, म्हणजे विरून जाणं. वाट कापून टाकली की उरतो तो फक्त देखणा राजा आणि देखणी राणी.

आता त्या वाटेकडे येऊ. रत्नसेन निघतो तेव्हा रस्ता सांगणारा पोपटच आहे. ज्याने वाट पाहिलीय तोच वाटाड्या, असं जायसी म्हणतो. म्हणजे पोपट हाच गुरू. पण हा गुरू उपदेशाच्या आधी भूगोल सांगतो. गोंड आणि कोल राहतात तिथे पोच, दक्षिणेला उजव्या हाताला तेलंग ठेव, उत्तरेला डाव्या हाताला गढा-कटंगा ठेव, मधे रतनपूर हा सिंहद्वार, झारखंडाचे डोंगर डावीकडे टाक, मग ओडिसा आणि समुद्र. गढा-कटंगा म्हणजे जबलपूरकडचं त्या काळचं मोठं गोंड राज्य, रतनपूर आजच्या छत्तीसगडात. एका बाजूला तेलंगण, दुसऱ्या बाजूला जबलपूर आणि पुढे रतनपूर, असं धरून फोनवरच्या नकाशावर बोट फिरवा. वर्धा, वैनगंगा आणि इंद्रावतीचा मुलूख बोटाखाली येतो. जायसी चांदा किंवा वैरागड असं नाव घेत नाही आणि त्याचं काव्य म्हणजे मोजणीचा नकाशाही नव्हे. पण सूफी साधकाच्या रस्त्यावर गोंडांचा देश लागतो, हे त्याला माहीत होतं.

माहीत होतं, आणि इथेच मला या काव्याशी भांडावंसं वाटतं. गोंड इथे मैलाच्या दगडासारखे येतात. तिथे पोच आणि पुढे जा, एवढंच. रत्नसेन त्यांच्याशी बोलत नाही, त्यांच्याकडे पाणी मागत नाही, त्यांची गाणी ऐकत नाही. जंगल ही साधकाची परीक्षा आहे, तिथे माणसं राहतात ही गोष्ट गौण. आज ‘स्वतःला शोधायला’ जंगलात या, असं सांगणाऱ्या जाहिराती पाहिल्या की हीच वाट आठवते. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प. पण त्याचं नाव आलं तारू किंवा ताडोबा या गोंड देवावरून. वाघाशी झुंजताना मेलेला तो गावचा प्रमुख होता, असं सांगतात. त्याचं ठाणं तलावाकाठी आहे. जिप्सीत बसून ‘मी कोण’ विचारणाऱ्याला हे जंगल आधीच कुणाचं तरी आहे, हे सांगावं लागतं.

पण जायसी मोठा कवी आहे. नायकाने जे केलं नाही ते त्याने दुसऱ्या एका व्यक्तीकडून करवून घेतलंय, आणि ती व्यक्ती आपण बहुधा विसरतो. ती म्हणजे नागमती, रत्नसेनाची पहिली राणी.

राजा निघतो तेव्हा नागमती म्हणते, मीही जोगीण होऊन येते, रामासोबत सीता गेलीच ना. राजा तिला बाईची अक्कल कमी म्हणून झिडकारतो. सीतेला सोबत नेऊन रामाला कुठली सिद्धी मिळाली, रावणाने पळवलीच ना, असं उलट ऐकवतो. प्रेमाच्या वाटेवर निघालेला माणूस पहिल्याच पावलाला इतका कोरडा होतो! जायसीने हे लपवलेलं नाही.

मग नागमतीचा विरह येतो, बारा महिन्यांचा. हिंदीचे मोठे समीक्षक रामचंद्र शुक्ल यांनी या भागाचं मनापासून कौतुक केलंय. त्यांनी टिपलेली गोष्ट अशी की, या दुःखात नागमती आपलं राणीपण विसरते. पावसाळा तोंडावर आलाय, छप्पर कोण शाकारणार, अशी काळजी तिला पडते. राजवाड्यात राहणारी बाई झोपडीतल्या बाईसारखी बोलू लागते. धानाच्या पट्ट्यात मृगाआधी घर शाकारायची घाई ज्याने पाहिलीय, त्याला यात अलंकार दिसणार नाही, आपली आई-मावशी दिसेल. आणि मग नागमती रानात जाते, रडत फिरते, एकेका पाखराला निरोप न्यायची विनवणी करते. कुणी हलत नाही. शेवटी मध्यरात्री एक पक्षी तिला विचारतो, तुला झोप का नाही? तोच तिचा निरोप सिंहलला नेतो.

आता दोघांना शेजारी ठेवून पाहा. रत्नसेन जंगलातून गेला आणि त्याने जंगलाला काही विचारलं नाही. नागमतीने विचारलं आणि जंगलाने उत्तर दिलं. रत्नसेनाने राज्य सोडलं, पण आपण मोठ्या कामाला निघालोय हा ताठा सोडला नाही. पुढे सिंहलच्या देवळात पद्मावती खरोखर समोर आली तेव्हा तो मूर्च्छित पडला होता. तिने त्याच्या छातीवर चंदनाने लिहून ठेवलं की, भिक्षा मिळायची वेळ आली तेव्हा तू झोपलास. नागमती मात्र वर्षभर जागी होती. फना म्हणजे ‘मी’ विरणं असेल, तर माझ्या वाचनात या काव्यात सगळ्यांत आधी विरली ती नागमती. तिने कुठला पंथ घेतला नाही, राख फासली नाही. वाट पाहता पाहता तिचं राणीपण गळून पडलं.

इथे एक अडचण आहे. काव्याच्या शेवटी अर्थाची एक किल्ली दिलेली असते, आणि परीक्षेच्या गाइडांत तीच छापतात: चित्तोड म्हणजे शरीर, राजा म्हणजे मन, पद्मिनी म्हणजे बुद्धी, पोपट म्हणजे गुरू, अलाउद्दीन म्हणजे माया, आणि नागमती म्हणजे दुनियेचा धंदा, संसाराचं लचांड. ही किल्ली लावली की माझं म्हणणं मोडतं. पण हस्तलिखितं तपासून संपादन करणाऱ्या माताप्रसाद गुप्तांनी हे कडवं प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून कुणी घुसवलेलं, ठरवलं. मला ते पटतं, आणि कारण काव्यातच आहे. जिला फक्त ‘लचांड’ म्हणून टाकायचंय, तिच्या तोंडी कवी आपले सर्वांत जिवंत बारा महिने घालत नाही.

आपल्या मराठीत या शोधाचा दुसरा रस्ता आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे चांद बोधल्यांचे शिष्य. त्यांचा ‘योगसंग्राम’ १६४५चा. तिथे सिंहल द्वीप नाही, सात समुद्र नाहीत. लढाईचं मैदान माणसाच्या आतच आहे आणि शत्रू म्हणजे आपलाच अहंकार. जायसीचा साधक दूर जातो, शेख महंमदांचा साधक जागेवरच लढतो. मला वाटतं, नागमती जायसीच्या काव्यात राहून शेख महंमदांच्या बाजूची आहे.

आणि तिला शोधायला चित्तोडला जायची गरज नाही. चंद्रपुरात अचलेश्वराच्या देवळाजवळ गोंड राजा बिरशहाची समाधी आहे. ती बांधली राणी हिराईने. बिरशहाची जी हकीकत सांगतात ती अशी: तो दुसऱ्या लग्नाच्या वरातीत निघाला असताना त्याच्याच पदरी असलेल्या एका रजपूत रक्षकाने त्याला ठार केलं. त्या रक्षकाचं नाव हिरामण! जायसीच्या पोपटाचंच नाव. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण चित्र तेच आहे: राजा दुसरीकडे निघालेला आणि पहिली राणी मागे. फरक इतकाच की हिराई नागमतीसारखी जळून गेली नाही. तिने दत्तक घेऊन राज्य सांभाळलं आणि नवऱ्यासाठी दगडात समाधी उभी केली. लोक तिला प्रेमाचं स्मारक म्हणतात. ते म्हणताना ती बाईने बांधलीय आणि मागे राहून बांधलीय, हे विसरू नये.

‘पद्मावत’चा शेवट सगळ्यांना माहीत आहे. रत्नसेन मरतो, पण अलाउद्दीनच्या हातून नव्हे, देवपाल नावाच्या दुसऱ्याच राजाशी लढताना. दोन्ही राण्या सोबत चितेवर जातात. अलाउद्दीन गड जिंकून आत येतो तेव्हा त्याच्या हाती मूठभर राख लागते. सिनेमाने हा जोहर मोठ्या थाटात, संगीतासह दाखवला. जायसीकडे थाट नाही. सती जाणं हे आज कुठल्याही अर्थाने प्रेमाचा आदर्श मानता येणार नाही, रूपक म्हणूनसुद्धा नाही. कवीची भव्यता मान्य करूनही हे ठणकावून सांगायला हवं. पण ती राख महत्त्वाची आहे, कारण प्रेमाला मालकी समजणाऱ्याला शेवटी काय मिळतं, ते तिथे एका मुठीत दिसतं.

‘स्वतःचा शोध’ ही आज रीलची ओळ झालीय. मागे कव्वालीचा तुकडा, समोर डोंगर, पाठमोरा मुलगा. आपल्या भागातली पोरं खरोखरच निघतात, नागपूर-पुण्याला, परीक्षांसाठी, नोकरीसाठी, कधी प्रेमासाठी. निघायलाच हवं. पण ‘पद्मावत’ वाचायचं असेल तर दोन प्रश्न हाताशी ठेवून वाचा. ज्या मुलखातून तुम्ही जाताय, तिथल्या माणसांशी बोललात का? आणि तुम्ही निघालात तेव्हा ‘मीही येते’ असं कोण म्हणालं होतं?

सूफी म्हणतात, प्रेमाने ‘मी’ विरतो. जायसीने, कदाचित त्याच्या नायकाच्या नकळत, दाखवून दिलं की तो सर्वांत आधी विरतो तो छप्पर गळायच्या काळजीत जागणाऱ्या बाईचा. तिचा निरोप घेऊन निघालेला तो पक्षी या काव्यातला दुसरा गुरू आहे, आणि तो आपल्याच रानातला असावा असं मला वाटत राहतं.