पिलांची संख्या म्हणजेच यश?

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे पूर्वी नाना फडणविसांचे गाव म्हणून ओळखले जाई. आज ते कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते. उन्हाळ्याच्या तोंडावर शाळांच्या सहली, शहरांतील निसर्ग मंडळे आणि हौशी छायाचित्रकार तेथे जातात, ते ऑलिव्ह रिडले कासवाची पिले समुद्राकडे धावताना पाहण्यासाठी. स्थानिक मंडळींनी एकत्र येऊन केलेल्या संवर्धनाचे उदाहरण म्हणून शिक्षक वर्गात वेळासचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. मात्र वर्गात द्यायचे उदाहरण तपासूनही पाहायला हवे. या लेखाचा हेतू तेवढाच आहे.

आधी जमेची बाजू पाहू. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते समुद्रगरुडांच्या घरट्यांची पाहणी करत असताना त्यांना वेळासच्या किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. घरटी उकरून अंडी नेली जात होती. माणसांच्या हातून जी सुटत, त्यांच्यावर कोल्हे-कुत्र्यांची नजर असे. मग रोज पहाटे किनारा चालून मादीच्या वाळूवरील खुणा शोधणे, अंडी अलगद उचलणे आणि कुंपण घातलेल्या हॅचरीत तशाच खोल खड्ड्यात ती पुन्हा पुरणे, असे काम सुरू झाले. एका घरट्यात साधारण शंभर ते सव्वाशे अंडी असतात आणि पिले बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. इतके दिवस पहारा करणे एकट्यादुकट्या संस्थेला झेपणारे नाही. म्हणून कामाची वाटणी झाली. तंत्र संस्थेने शिकवले, कायद्याचे बळ वनखात्याने दिले, आणि रोजची गस्त गावातल्या कासवमित्रांनी घातली. २००६ च्या सुमारास कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्याच घरांत उतरू लागले, तेव्हा अंडी राखणे हा गावाच्या मिळकतीचाही भाग झाला. हेच प्रारूप पुढे कोकणातील इतर किनाऱ्यांवर गेले.

एवढे मान्य करून तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न मोजमापाचा. हंगाम संपला की बातमीत येते ती समुद्रात सोडलेल्या पिलांची संख्या. या एका आकड्यावरून काय कळते? समजा, एका वर्षी ४० घरट्यांतील ४,००० अंड्यांतून २,४०० पिले निघाली आणि पुढच्या वर्षी ६० घरट्यांतील ६,००० अंड्यांतून ३,०००. मथळा म्हणेल, यंदा ६०० पिले जास्त! पण उबवणुकीचे प्रमाण ६० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर घसरलेले असेल. घरट्यांच्या संख्येचेही तसेच आहे. गस्तीखालचे किनारे वाढले, की नोंदलेली घरटी वाढणारच. कासवे वाढली असे त्यावरून म्हणता येत नाही. किती किलोमीटर किनारा किती दिवस चालून किती घरटी मिळाली, हे सांगितल्याशिवाय दोन वर्षांची तुलना होऊ शकत नाही. शिवाय ही पिले वयात यायला दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि हजारात एखादेच तेथवर पोचते, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. तेव्हा सोडलेली पिले ही आपण केलेल्या श्रमांची मोजणी आहे, फळाची नव्हे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. पिले साधारणपणे रात्री, वाळू थंड झाल्यावर वर येतात. अंड्यातील बलकाची उरलेली शिदोरी घेऊन ती पहिले सुमारे चोवीस तास जिवाच्या आकांताने पोहतात आणि किनाऱ्याजवळच्या शत्रूंपासून दूर जातात. महोत्सवात मात्र हॅचरीतील घरट्यांवरच्या टोपल्या उचलायच्या वेळा पाहुण्यांना आधी सांगितलेल्या असतात : सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. मध्यरात्री वर आलेले पिलू सकाळपर्यंत टोपलीखाली धडपडत राहिले, तर त्याची शिदोरी तेथेच खर्च होते. हिरव्या समुद्री कासवाच्या पिलांवरील २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हॅचरीत काही तास रोखलेल्या पिलांचा पोहण्याचा वेग कमी झालेला आढळला. त्यात उजेडी कावळे आणि घारी टपलेल्या असतात आणि रोज एकाच जागी पिले सोडली तर माशांनाही ती जागा ठाऊक होते.

यावर गावकरी विचारतील, पाहुणे आले नाहीत तर पहारा कोण करणार? हा प्रश्न खराच आहे, आणि महोत्सव बंद करा असे कोणी म्हणू नये. पण रात्री आलेली पिले कासवमित्रांनी रात्रीच, जागा बदलत सोडावीत आणि पाहुण्यांनी त्यांच्या वेळेला जे दिसेल ते पाहावे, एवढे ठरवता येईल. ज्या दिवशी पिले नसतील त्या दिवशी रिकामे झालेले घरटे सर्वांसमोर उकरून टरफले, न उबलेली अंडी आणि आत मेलेली पिले मोजावीत. तो तासभराचा विज्ञानाचा उत्तम पाठ होईल.

तिसरा प्रश्न लोकशिक्षणाचा. समुद्री कासवात नर की मादी हे उबवणुकीच्या मधल्या काळातील वाळूच्या तापमानावर ठरते. साधारण ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही निपजतात. वाळू अधिक तापली की माद्या वाढतात. सगळी घरटी एकाच उघड्या हॅचरीत पुरली तर सगळ्यांवर एकाच उन्हाचा परिणाम होतो. सावली कुठे हवी, हे वाळूत खोचलेला साधा तापमापक सांगू शकतो. पिलाचे छायाचित्र घेऊन परतलेल्या किती पाहुण्यांना हे माहीत असते? आपण त्यांना कौतुक करायला शिकवले, प्रश्न विचारायला नाही.

एकत्र काम करण्याचा खरा अर्थ येथेच लागतो. २०२२ च्या सुरुवातीला वेळास, आंजर्ले आणि गुहागर येथे पाच माद्यांना उपग्रह-यंत्रे बसवली गेली. पुढच्या वर्षी गुहागरला यंत्र बसवलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलट, २०२१ साली ओडिशात गहिरमाथा येथे धातूचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्याची कासवे वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, ही ठाम समजूत त्यामुळे पुन्हा तपासावी लागते. हे कळले ते एका टोकाला बिल्ल्याचा क्रमांक लिहिला गेला होता आणि दुसऱ्या टोकाला तो कोणीतरी वाचला, म्हणून. गस्त गावापुरती असू शकते; नोंद गावापुरती राहिली की तिचे मोल निम्मे होते. कोकणातल्या सगळ्या किनाऱ्यांनी एकच तक्ता वापरला आणि तो सर्वांना पाहायला खुला ठेवला – घरट्याची तारीख, अंडी, वाळूचे तापमान, निघालेली पिले, सोडल्याची वेळ – तर दहा वर्षांनी कोणालाही त्यातून खरे उत्तर काढता येईल.

सहल नेणाऱ्या शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते : मुलांना एक वही आणि पाच प्रश्न देऊन न्यावे. हे पिलू वाळूतून केव्हा वर आले? या घरट्यात अंडी किती होती? उबली किती? वाळूचे तापमान काय? आणि ही नोंद कोणाकडे जाते? पिलू दिसले नाही तरी सहल फुकट जाणार नाही. आणि पाहुणेच असे प्रश्न विचारू लागले, की महोत्सवाच्या वेळा बदलायला कोणाला फार समजवावे लागणार नाही.