गिटार-सोलोचे श्रेष्ठत्व: उत्स्फूर्तता, ध्वनिमुद्रण आणि कौल

रॉक संगीताच्या श्रोत्यांमधील कधीच न मिटणाऱ्या वादांत सर्वश्रेष्ठ गिटार-सोलो कोणता, हा वाद अग्रभागी आहे. 'गिटार वर्ल्ड' या अमेरिकी मासिकाने १९९८ साली वाचकांचा कौल घेतला, तेव्हा लेड झेपेलिनचे 'स्टेअरवे टू हेवन' पहिले आले आणि त्याखालोखाल व्हॅन हेलनचे 'इरप्शन', लिनर्ड स्किनर्डचे 'फ्री बर्ड', पिंक फ्लॉइडचे 'कम्फर्टेबली नम्ब' आणि जिमी हेंड्रिक्सचे 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' असा क्रम लागला. पुढे निघालेल्या अशा याद्यांत ही नावे वरखाली होत राहिली, तरी फारशी बदलली नाहीत. या पाचही कृती १९६८ ते १९७९ या काळातील आहेत, आणि एका पिढीच्या स्मरणरंजनाने या गोष्टीचा निम्माच उलगडा होतो. उरलेला निम्मा उलगडा असा की, याच काळात वादकाची उत्स्फूर्तता आणि ध्वनिमुद्रणाचे तंत्र यांचा एक विशिष्ट संयोग घडला, त्यातून या कृती आकाराला आल्या, आणि म्हणून श्रेष्ठत्वाच्या वादात ज्याची तुलना होते ते बहुतेक वेळा एखाद्या वादनाचे क्षण नसून एक घडवलेले मुद्रण असते.

सोलो म्हणजे गाण्याच्या ओघात गायन थांबवून एकाच वाद्याकडे सोपवलेला भाग. गिटारकडे तो उशिरा आला, कारण ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या ताफ्यात लाकडी गिटारचा आवाज बुडून जात असे आणि तिच्या वाट्याला तालाची साथ तेवढी उरत असे. गिब्सन कंपनीची ईएस-१५० ही विजेवर चालणारी गिटार १९३६ साली बाजारात आली आणि १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चनने तिच्यावर सॅक्सोफोनसारख्या लांब, सलग स्वरपंक्ती वाजवून दाखवल्या. तो १९४२ साली वयाच्या पंचविसाव्या वर्षी गेला, पण तोवर गिटार वाद्यवृंदात पुढे येऊन बसली होती. १९४७ साली टी-बोन वॉकरच्या 'कॉल इट स्टॉर्मी मंडे'ने हीच भाषा ब्लूजमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या दुःखगीतांच्या परंपरेत, स्थिर केली, आणि १९५८ साली चक बेरीच्या 'जॉनी बी. गुड'ने ती रॉक अँड रोलच्या हाती दिली. या गाण्याची सुप्रसिद्ध सुरुवात लुई जॉर्डनच्या १९४६ सालच्या एका मुद्रणातील कार्ल होगनच्या वादनावर बेतलेली आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात पाठवलेल्या तबकडीवर हे गाणे आहे, आणि त्याच तबकडीवर गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. होगनचे नाव मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही, आणि श्रेष्ठत्वाच्या याद्या उगमापेक्षा कीर्तीला किती मानतात याचे हे पहिले उदाहरण म्हणता येईल.

गिटारच्या या भाषेचे व्याकरण तीन-चार गोष्टींवर उभे आहे. पहिली गोष्ट बेंडिंग, म्हणजे पडद्यावर दाबलेली तार बाजूला ओढून स्वर चढवणे. सतारीच्या मींडेशी तिचे नाते जवळचे आहे. दुसरी व्हायब्रॅटो, म्हणजे स्थिरावलेल्या स्वराला दिलेले आंदोलन, जे बी. बी. किंगच्या वादनात इतके वैयक्तिक झाले की एका स्वरावरून वादक ओळखता यावा. तिसरी डिस्टॉर्शन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या क्षमतेपलीकडे ताणल्यावर आवाजाला येणारा खरखरीत भरणा; त्यामुळे क्षणात विरणारा तारेचा स्वर लांबवता येतो आणि गिटार गळ्याच्या जवळ जाते. स्वरांची निवड बहुधा पेंटॅटॉनिक, म्हणजे पाच स्वरांच्या, श्रेणीतून होते. तिचे मायनर रूप मराठी श्रोत्याला धानी रागाच्या स्वरांवरून ओळखता येईल, मात्र ब्लूजचा वादक त्यातील गंधाराला कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागी ओढून धरतो आणि त्या अधांतरी जागेतच ब्लूजचा भाव असतो.

हेंड्रिक्सचे मोठेपण असे की त्याने नादाचा पोतही रचनेचा घटक केला. बॉब डिलनच्या १९६७ सालच्या 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'मध्ये तीनच कॉर्ड आहेत, म्हणजे स्वरसंघांची एकच छोटी साखळी अखेरपर्यंत फिरत राहते. तिच्यावर दीर्घ सोलो उभारायचा तर वैविध्य दुसरीकडून आणावे लागते. हेंड्रिक्सने १९६८ च्या आपल्या मुद्रणात मधल्या सोलोचे चार भाग केले: पहिल्यात सरळ वादन, दुसऱ्यात तारेवर कठीण वस्तू सरकवून काढलेला घसरता स्वर, तिसऱ्यात वाह-वाह, म्हणजे पायाने चालवायच्या आणि आवाजाची उघडझाप करणाऱ्या उपकरणाचा वापर, आणि चौथ्यात लयदार कॉर्ड. हे मुद्रण लंडनमध्ये सुरू होऊन न्यूयॉर्कमध्ये थरावर थर चढवत पूर्ण झाले. पुढे डिलन स्वतः आपले गाणे हेंड्रिक्सच्या वळणाने सादर करू लागला, यावरून सोलोने मूळ रचनेचा अर्थच बदलून टाकल्याचे दिसते.

येथून वादाचा गाभा सुरू होतो. 'स्टेअरवे टू हेवन'साठी जिमी पेजने १९७१ साली तीन सोलो उत्स्फूर्तपणे वाजवले आणि त्यांतला एक निवडला. वादन उत्स्फूर्त होते, निवड विचारपूर्वक होती. 'कम्फर्टेबली नम्ब'साठी डेव्हिड गिलमोरने पाच-सहा सोलो मुद्रित केले, प्रत्येकातील चांगल्या जागांवर खुणा केल्या आणि त्या जोडून एक नवाच सोलो सिद्ध केला, जो त्या अखंड स्वरूपात कधीच वाजवला गेला नव्हता. ईगल्सच्या १९७६ सालच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची कथा याहून वेगळी आहे: डॉन फेल्डरने घरी केलेल्या कच्च्या मुद्रणातील जागा तशाच हव्यात असा डॉन हेन्लीचा आग्रह असल्याने, मायामीच्या स्टुडिओतून घरी फोन लावून ती कॅसेट ऐकवून घ्यावी लागली आणि फेल्डरने स्वतःचेच वादन पुन्हा शिकून घेतले. फंकाडेलिकच्या १९७१ सालच्या 'मॅगट ब्रेन'मध्ये तर एडी हेझेलचे वादन ऐकल्यावर जॉर्ज क्लिंटनने मिश्रणाच्या वेळी उरलेल्या वाद्यांचा आवाज जवळजवळ मिटवून टाकला, त्यामुळे दहा मिनिटांच्या त्या विलापाचे एकाकीपण काही अंशी मिश्रणाच्या टेबलावर निर्माण झाले आहे. हे समजल्याने या कृतींची किंमत कमी होत नाही, परंतु त्यांना उत्स्फूर्ततेचे नमुने म्हणून गौरवणे चूक ठरते. वाजवताना सुचलेले पुढे निवडीने, जोडणीने आणि पुनर्वादनाने पक्के झाले, आणि अखेर हजारो विद्यार्थ्यांनी स्वर न् स्वर पाठ करावा अशी बंदिश तयार झाली.

घडवलेल्या सोलोची खरी कसोटी गाण्याशी असलेल्या त्याच्या नात्यात आहे, आणि त्या दृष्टीने 'कम्फर्टेबली नम्ब' विशेष अभ्यसनीय ठरते. या गाण्यात कडवी डॉक्टरच्या तोंडी असून ती रॉजर वॉटर्सने गायली आहेत, तर ध्रुवपद बधिर झालेल्या रुग्णाच्या तोंडी असून ते गिलमोरने गायले आहे. पहिला सोलो ध्रुवपदाच्या मेजर कॉर्डवर येतो आणि रुग्णाचे तरंगणे शब्दांविना पुढे नेतो. दुसरा, दीर्घ सोलो कडव्याच्या मायनर कॉर्डवर येतो, म्हणजे जी भूमी आतापर्यंत डॉक्टरच्या प्रश्नांची होती तीच आता गिटार व्यापते आणि बधिरतेखाली दडलेला आकांत उघड करते. 'स्टेअरवे'मधील सोलोचे कामही असेच रचनात्मक आहे. संथ, लाकडी गिटारने सुरू झालेले गाणे आक्रमक शेवटाकडे नेण्यासाठी एक चढाव लागतो. तो चढाव सोलो पुरवतो आणि अखेरीस एका लहान स्वराकृतीची जलद आवर्तने करून उंच पट्टीतल्या गायनाच्या स्वाधीन होतो.

जे सोलो रंगमंचावर घडले त्यांना हा निकष लावणे अन्यायाचे होईल. क्रीमने मार्च १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात वाजवलेल्या 'क्रॉसरोड्स'मधील एरिक क्लॅप्टनचे वादन, १ जानेवारी १९७० रोजी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये हेंड्रिक्सने वाजवलेले 'मशीन गन', किंवा ग्रेटफुल डेडच्या १९६९ सालच्या वीसहून अधिक मिनिटांच्या 'डार्क स्टार'मधील जेरी गार्सियाचा संथ विस्तार, यांत धोका पत्करलेला असतो आणि चुकाही राहिलेल्या असतात. 'क्रॉसरोड्स'बद्दल स्वतः क्लॅप्टनने असमाधान व्यक्त केले आहे, कारण त्याच्या मते वादकांची सम एकमेकांपासून सुटली होती. श्रोत्यांना मात्र त्याच ताणात जोम जाणवत आला. 'मशीन गन'मध्ये फीडबॅक, म्हणजे स्पीकरमधला आवाज गिटारच्या तारांना पुन्हा कंपित करतो तेव्हा उमटणारा स्वयंचलित नाद, युद्धाच्या किंकाळीचे रूप घेतो. तो पुरता वादकाच्या ताब्यात नसतो, आणि त्याला क्षणोक्षणी आवरण्याची धडपड हाच त्या वादनाचा विषय होतो.

तिसरा प्रकार तंत्रप्रधान सोलोचा, आणि त्याचा मुकुटमणी १९७८ सालचे 'इरप्शन' होय. एडी व्हॅन हेलनने येथे टॅपिंग, म्हणजे तार छेडण्याऐवजी उजव्या हाताची बोटे थेट पडद्यांवर आपटून जलद स्वरमाला काढण्याचे तंत्र, केंद्रस्थानी आणले. जेनेसिसच्या स्टीव्ह हॅकेटसारख्यांनी ते आधी वापरले होते, तरी एक मिनिट बेचाळीस सेकंदांच्या या तुकड्याने त्याला सार्वत्रिक भाषा केले. पण 'इरप्शन' हे स्वतंत्र वादन आहे, त्याला गाणे नाही. ते 'स्टेअरवे'च्या शेजारी बसवून क्रम लावणे म्हणजे दोन भिन्न साहित्यप्रकारांना एकाच परीक्षेला बसवणे. त्याच वादकाने १९८२ साली मायकेल जॅक्सनच्या 'बीट इट'मध्ये तंत्र गाण्याच्या मोजक्या जागेत कसून बसवले, तेव्हा अधिक शिस्तबद्ध कलाकृती झाली. त्याचे अनुकरण करणाऱ्या पुढच्या दशकातील अनेकांनी वेग घेतला, विनोदबुद्धी आणि लयीचा डौल घेतला नाही, आणि सोलो बऱ्याच ठिकाणी कवायत बनला. त्याची प्रतिक्रिया १९९१ साली निर्वाणाच्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'मध्ये ऐकू आली, जिथे कर्ट कोबेनचा सोलो कडव्याचीच चाल जवळपास तशीच वाजवतो आणि पराक्रम दाखवण्याचे नाकारतो.

याद्यांत काय नाही, याचाही विचार समीक्षेने करायला हवा. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या २००३ सालच्या यादीतील शंभर गिटारवादकांत जोनी मिचेल आणि जोन जेट या दोनच स्त्रिया होत्या. धर्मगीतांना विजेच्या गिटारची जोड देऊन रॉकची वाट आखणारी सिस्टर रोझेटा थार्प १९६४ साली मँचेस्टरच्या बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर वाजवताना चित्रित झाली आहे, आणि पुढच्या पिढीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कित्येक लकबी त्या चित्रणात दिसतात. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिची दखल २०१८ साली घेतली. भारतीय संगीताशी जोडलेली शाखाही अशीच बाजूला राहते. जॉन मॅक्लॉफ्लिनने झाकिर हुसेन आणि एल. शंकर यांच्यासह 'शक्ती'मध्ये वाजवताना पडद्यांमधली लाकडी जागा खोलगट केलेली गिटार वापरली, कारण त्यामुळे मींड अधिक दूर ओढता येते. डेरेक ट्रक्सच्या स्लाइडवादनावर अली अकबर खाँच्या सरोदची छाप आहे. अशा वादनाचे मोल कळण्यासाठी एका गाण्याच्या चौकटीपेक्षा मोठा अवकाश लागतो, आणि कौलाच्या पद्धतीत तो मिळत नाही.

आजची स्थिती विरोधाभासाची आहे. कौशल्याची सरासरी पूर्वी कधी नव्हती इतकी उंचावली आहे आणि पॉलिफियाच्या २०२२ सालच्या 'प्लेइंग गॉड'सारख्या रचनेत नायलॉन तारांच्या गिटारवर अत्यंत गुंतागुंतीचे वादन ऐकू येते, परंतु लोकप्रिय गाण्यातील सोलोची जागा आक्रसली आहे. एकीकडे गाण्याविना सोलो, दुसरीकडे सोलोविना गाणी अशी फाळणी झाल्याने, ज्या नात्यावर सोलोची श्रेष्ठता ठरत असे ते नातेच दुर्मीळ झाले; जुन्या याद्या गोठून राहण्याचे हेही एक कारण आहे.

म्हणून सर्वश्रेष्ठ सोलोचा एकच क्रम लावण्याचा हट्ट सोडून प्रकारानुसार निवाडा करणे अधिक फलदायी ठरेल. घडवलेल्या सोलोत गाण्याचा अर्थ विस्तारण्याच्या कसोटीवर 'कम्फर्टेबली नम्ब'चा दुसरा सोलो 'स्टेअरवे'च्याही पुढे जातो, कारण पेज गाण्याला वेग देतो तर गिलमोर गाण्यात न उच्चारलेले बोलून दाखवतो. रंगमंचावरील वादनात 'मशीन गन'चा दावा सर्वांत भक्कम आहे, आणि तंत्राच्या प्रांतात 'इरप्शन'चे ऐतिहासिक स्थान अढळ असले तरी कलाकृती म्हणून 'बीट इट' सरस आहे. हे निर्णय वादातीत नाहीत, पण ते कोणत्या कसोटीवर दिले हे उघड असल्याने त्यांच्याशी वाद घालणे शक्य आहे, आणि कौलाच्या क्रमांकांना नेमकी हीच सोय नसते.