नव्या पत्त्यांचे मूल्यमापन : स्ट्रॅट-ओ-मॅटिकमधील निग्रो लीगचे खेळाडू

बेसबॉलच्या अनुकृतिखेळात नव्या खेळाडूचा पत्ता दाखल झाला म्हणजे त्याची परीक्षा घेण्याची एक ठरलेली रीत आहे. पत्त्यावरील किती निकाल फलंदाजाला बेसवर पोचवितात, किती निकालांत होमरन पदरी पडते, क्षेत्ररक्षणाचा अंक काय आहे, एवढे मोजावयाचे आणि आलेली बेरीज जुन्या पत्त्यांच्या बेरजेशेजारी ठेवावयाची. ज्याची बेरीज मोठी तो पत्ता चांगला. ही रीत सोयीची आहे, आणि चालू हंगामातील खेळाडूंपुरती ती बहुधा दगाही देत नाही. परंतु २००९ साली स्ट्रॅट-ओ-मॅटिक या खेळात निग्रो लीगमधील १०३ खेळाडूंचे पत्ते दाखल झाले, तेव्हा या रीतीच्या मुळाशी असलेले गृहीतच उघडे पडले. त्या गृहीताचा विचार केल्यावाचून या पत्त्यांसंबंधी कोणतेही विधान करणे धाडसाचे ठरेल.

प्रथम खेळाची घडण लक्षात घेणे अवश्य आहे. हॅल रिचमन यांनी १९६१ साली न्यूयॉर्क राज्यात हा खेळ बाजारात आणला. प्रत्येक फलंदाजाच्या पत्त्यावर तीन स्तंभ असतात व त्यांना १, २, ३ असे क्रमांक असतात. पिचरच्या पत्त्यावरही तीनच स्तंभ, पण क्रमांक ४, ५, ६. तीन फासे एकदम टाकावयाचे. त्यांपैकी एक फासा स्तंभ ठरवितो व उरलेल्या दोहोंची बेरीज त्या स्तंभातील ओळ ठरविते. दोन फाशांच्या जुळण्या छत्तीस, म्हणून एका पत्त्यावर एकशे आठ संधी. त्यांत सात या बेरजेला सहा, तर बारा या बेरजेला केवळ एक. निम्मे निकाल फलंदाजाच्या पत्त्यावरून यावयाचे आणि निम्मे पिचरच्या, हे या खेळाचे मूलतत्त्व होय. १९५१ सालच्या अपबा या खेळात फाशांचा निकाल फलंदाजाच्याच पत्त्यावर वाचला जातो व पिचरला केवळ अक्षरांची श्रेणी मिळते. रिचमन यांची योजना त्याहून अधिक न्याय्य आहे. मात्र तिच्यामुळे एक परिणाम घडतो. तो वरवर दिसत नाही, आणि येथील सारे विवेचन त्यावरच अवलंबून आहे.

समजा, एखाद्या लीगची एकंदर फलंदाजीची सरासरी ०.२७० आहे व एका फलंदाजाची सरासरी ०.३७२ आहे. निम्मे निकाल सर्वसाधारण पिचरच्या पत्त्यावरून येणार, म्हणजे ते ०.२७० याच मानाने येणार. मग एकूण हिशेब ०.३७२ वर यावा यासाठी फलंदाजाच्या स्वतःच्या पत्त्यावर ०.४७४ एवढे प्रमाण छापावे लागते. सूत्ररूपाने सांगावयाचे तर खेळाडूच्या सरासरीची दुप्पट करून तीतून लीगची सरासरी वजा केली म्हणजे पत्ता तयार होतो. चेंडूंवर मिळणारा मोफत बेस व इतर बारकावे सोडले तरी या सूत्राचा गाभा बदलत नाही. त्यातून दोन गोष्टी निघतात. पत्ता हा एकट्या खेळाडूचा नसतो. त्याच्यात त्याची लीग उणे चिन्हाने दडलेली असते. आणि खेळाडूच्या कर्तृत्वाच्या अंदाजात जी चूक असेल ती पत्त्यावर दुप्पट होऊन उतरते.

चालू हंगामातील खेळाडूविषयी ही दुप्पट चूक सोसण्याजोगी असते. हंगाम १६२ सामन्यांचा असतो, प्रत्येक चेंडूची नोंद असते, आणि लीगची सरासरी अचूक ठाऊक असते. निग्रो लीगच्या बाबतीत यांपैकी काहीच नव्हते. लीगमधील अधिकृत सामने थोडे होते, कारण संघांचा निर्वाह मुख्यतः गावोगाव फिरून स्थानिक संघांशी खेळलेल्या सामन्यांच्या उत्पन्नावर होई. जे लीग-सामने झाले त्यांची आकडेवारी ‘पिट्सबर्ग कुरियर’, ‘शिकागो डिफेंडर’ यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत छापल्या जाणाऱ्या तक्त्यांतून गोळा करावी लागते, आणि त्या तक्त्यांत फलंदाजाला मिळालेले मोफत बेस पुष्कळदा नमूदच नसतात. स्कॉट सिमकस या संशोधकाने अशा तक्त्यांचा मोठा संग्रह करून २००९ चा संच सिद्ध करण्यास आधार पुरविला. पुढे १६ डिसेंबर २०२० रोजी मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना प्रमुख लीगचा दर्जा दिला व मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट केली. तरीही सुमारे तीन-चतुर्थांश नोंदीच हाती आल्या आहेत. यावरून २००९ मध्ये हे काम अंगावर घेणे केवढ्या हिमतीचे होते ते ध्यानी येईल.

जॉश गिब्सन याचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. २०२४ च्या अधिकृत नोंदींनुसार त्याची कारकीर्दीची सरासरी ०.३७२ भरते आणि टाय कॉबची ०.३६७ मागे पडते. १९४३ च्या हंगामात तर ती ०.४६६ होती. हा हंगाम एखाद्याने पत्त्यावर उतरवावयाचा ठरविल्यास वरील सूत्राने ०.६६२ येतात, म्हणजे मोफत बेस वगळता त्या पत्त्यावरील दर तीन निकालांत जवळजवळ दोन हिट. असा पत्ता हाती आला की ठरलेल्या रीतीचा परीक्षक एकतर हर्षभरित होतो किंवा तो पत्ता खेळातून बाद ठरवितो. दोन्ही प्रतिक्रिया विचारपूर्वक नाहीत. त्या हंगामात गिब्सनला सुमारे २५० अधिकृत संधी मिळाल्या. ज्याचे खरे सामर्थ्य ०.३७२ आहे अशा फलंदाजाच्या २५० संधींत केवळ योगायोगाने पडणारा फरक, म्हणजे प्रमाण विचलन, ०.०३ च्या घरात जाते. पत्त्यावर ते दुप्पट होऊन एकशे आठपैकी सहा-सात निकालांइतके होते. सामान्य व उत्तम फलंदाज यांच्या पत्त्यांत कित्येकदा एवढेच अंतर असते!

येथे संख्याशास्त्राचा जाणकार पुढे येईल आणि म्हणेल की, नमुना लहान असेल तर अंदाज मध्याकडे ओढावा, आणि सामने जितके थोडे तितका अधिक ओढावा. तत्त्व म्हणून हे निर्विवाद आहे. तथापि प्रश्न राहतो तो हा की, ओढावयाचा तो कोणत्या मध्याकडे? लीगच्या सरासरीकडे ओढला तर एक विचित्र गोष्ट घडते. गिब्सनच्या नोंदी थोड्या आहेत त्या त्याने कमी खेळल्यामुळे नव्हे. कूपर्सटाऊन येथील सन्मानपट्टावर लीग व स्वतंत्र सामने मिळून त्याच्या जवळजवळ आठशे होमरन कोरलेल्या आहेत, अधिकृत नोंदींत मात्र त्या दोनशेच्या आत आहेत. मधली सारी कामगिरी मोजणीबाहेर राहिली ती वर्णभेदामुळे. ज्या कारणाने नोंद तोकडी राहिली त्याच कारणाचा दंड खेळाडूच्या पत्त्यावर पुन्हा एकदा बसविणे, आणि तोही गणिताच्या नावाने, हे समीक्षकाने मान्य करू नये. उलट पक्षी, अन्यायाची भरपाई म्हणून पत्ता फुगविणे हेही तितकेच अग्राह्य आहे. फुगविलेल्या पत्त्याने मृत खेळाडूला काही परत मिळत नाही, आणि गिब्सन तर जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मैदानात उतरण्यापूर्वी तीन महिने, जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला. अशा पत्त्याने खऱ्या पत्त्यावरचा विश्वासही उडतो.

यांतून मार्ग निघतो तो त्याच्या स्वतःच्या कारकीर्दीच्या आधारे. एका हंगामाचा अंदाज ओढावयाचा असेल तर तो त्याच खेळाडूच्या कारकीर्दीच्या सरासरीकडे ओढावा, आणि जो नियम गिब्सनला तोच सर्वांना लावावा. हा दुसरा भाग विसरला जातो. २०२० साली महामारीमुळे मेजर लीगचा हंगाम अवघ्या साठ सामन्यांचा झाला. त्या हंगामात डी. जे. लमाह्यू ०.३६४ व वान सोटो ०.३५१ सरासरीने आपापल्या लीगमध्ये पहिले आले. सोटो तर केवळ ४७ सामने खेळला होता. त्यांच्या पत्त्यांना कोणी लहान नमुन्याचा आक्षेप घेतल्याचा गाजावाजा झाला नाही. १९४३ च्या गिब्सनचे सामने मात्र सत्तरच्या आसपास असूनही संशयाचे कारण ठरतात. टेड विल्यम्सच्या १९४१ मधील ०.४०६ सरासरीमागे ४५६ संधी आहेत, हे खरे. पण तीही त्याच्या कारकीर्दीच्या ०.३४४ पासून जवळजवळ तेवढ्याच प्रमाण विचलनांनी दूर आहे जितकी गिब्सनची ०.३७२ पासून. तेव्हा १९४३ चा गिब्सन १९४३ च्या लीगची पुनरावृत्ती खेळताना जसाच्या तसा वापरावा, आणि विल्यम्सशी गाठ घालावयाची असेल तेव्हा दोघांचेही कारकीर्दीचे पत्ते घ्यावेत.

कारकीर्दीच्या पत्त्यानेही सर्व अडचणी सुटत नाहीत. सूत्रातील उणे चिन्हाची लीग अद्याप शिल्लक आहे. २००९ चा संच निवडक खेळाडूंचा आहे. त्यांच्याभोवतीचे सामान्य फलंदाज व सामान्य पिचर त्यात नाहीत. (गमतीची गोष्ट अशी की रिचमन यांचा १९६१ चा पहिला संचही ऐंशी निवडक खेळाडूंचाच होता.) त्यामुळे हे पत्ते अनिवार्यपणे परक्या लीगच्या पत्त्यांबरोबर खेळले जातात, आणि त्यांची किंमत ठरते ती दोन लीगांच्या दर्जाच्या तुलनेवर. दर्जातील फरकामुळे ०.३७२ ऐवजी ०.३४० धरले तर पत्त्यावरील हिट एक्कावन्नावरून चव्वेचाळिसावर येतात. सात निकालांचा हा फरक एका गृहीतावर उभा आहे. त्या गृहीताला आधार मिळतो तो दोन्हीकडे खेळलेल्या खेळाडूंचा : रॉबिन्सन, लॅरी डोबी, रॉय कँपानेला, माँटी अर्व्हिन, विली मेझ. पण हे बहुतेक तरुणपणी पलीकडे गेले व तेथे वाढले. अर्व्हिन तेवढा तिसाव्या वर्षी गेला. अशा साक्षीदारांवरून साऱ्या लीगचा दर्जा ठरविताना हात आखडता घ्यावयास हवा.

डावखुऱ्या व उजव्या पिचरविरुद्धचे वेगवेगळे स्तंभ या खेळाडूंसाठी छापणे तर शुद्ध तर्काचे काम आहे, कारण वृत्तपत्रातील तक्त्यात कोणती हिट कोणाविरुद्ध मिळाली ते कळत नाही. क्षेत्ररक्षणाचा एक ते पाच असा अंक मात्र, आश्चर्य वाटेल, पण या पत्त्यांतील अधिक विश्वसनीय भाग मानावयास हरकत नाही. तो अंक आधुनिक खेळाडूंच्या बाबतीतही फार काळ पाहणाऱ्यांच्या मतावरूनच ठरत आला आहे, आणि ऑस्कर चार्ल्स्टनची मध्य क्षेत्रातील धाव किंवा विली वेल्सचे शॉर्टस्टॉपवरील कौशल्य यांविषयी सहखेळाडूंच्या साक्षी एकमेकींशी जुळतात. आकड्यांचा अभाव येथे दोन्ही पक्षांना सारखाच आहे.

२०२३ च्या ‘एमएलबी द शो’ या पडद्यावरील खेळात रूब फॉस्टर व जॉन डोनाल्डसन यांचा समावेश झाला. दोघांचाही पिचर म्हणून ऐन उमेदीचा काळ १९२० पूर्वीचा, म्हणजे अधिकृत आकडेवारीच्या कक्षेबाहेरचा. तेथे अंक हे कथनाच्या सोबतीला येतात व त्यांवर सूत्राचे बंधन नाही, म्हणून त्यांची चिकित्सा या कसोटीने करणे गैर होईल.

सॅचेल पेजची गोष्ट निराळी. जुलै १९४८ मध्ये वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो क्लीव्हलंडकडून मेजर लीगमध्ये प्रथम उतरला आणि त्या मोसमात त्याने सहा सामने जिंकले व एक गमावला. त्यामुळे स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये त्याचे दोन पत्ते संभवतात : एक पूर्ण नोंदींचा पण उतारवयाचा, दुसरा भर उमेदीचा पण अपुऱ्या नोंदींचा. १९४८ च्या क्लीव्हलंडचा हंगाम खेळणाऱ्याने पहिलाच घेतला पाहिजे. दुसऱ्या पत्त्याची परीक्षा करताना मात्र पहिला शेजारी ठेवावा. बेचाळिसाव्या वर्षीच्या पत्त्यापेक्षा उमेदीचा पत्ता जर फारसा वरचढ निघाला नाही, तर लीगचा दर्जा ठरविणाराने कोठे तरी कमी मोजले आहे.