शंभर डॉक्टर, ऐंशी उपचार

क्षयरोगाच्या भित्तिपत्रकांवर दोष बहुधा रुग्णाचाच असतो. त्याने खोकला अंगावर काढला, गोळ्या अर्ध्यावर सोडल्या. वर्गातही आपण हेच सांगतो. म्हणूनच मुकुंद उपळेकर व डोनाल्ड शेपर्ड यांचा १९९१ चा शोधनिबंध शिक्षकांना ठाऊक असायला हवा. धारावीतील १०० खाजगी डॉक्टरांना त्यांनी क्षयावरील औषधयोजना विचारली. उत्तरांच्या तऱ्हा निघाल्या ८०! झरीर उदवाडिया, लान्सेलॉट पिंटो व उपळेकर यांनी २०१० मध्ये मुंबईतील १०६ डॉक्टरांची अशीच पाहणी प्रसिद्ध केली. या वेळी तऱ्हा ६३, आणि बरोबर उत्तरे अवघी ६.

८० वरून ६३, म्हणजे सुधारणा, असे मात्र म्हणता येणार नाही. पहिला नमुना झोपडवस्तीतला, दुसरा उजळणी वर्गाला आलेल्या डॉक्टरांचा. शिकायला आलेल्यांची ही स्थिती, तर न आलेल्यांची काय असेल?

दोन्ही पाहण्यांची खरी उणीव वेगळीच आहे. डॉक्टर कागदावर काय लिहितात ते कळते. क्षय ओळखायला किती दिवस लावतात ते कळत नाही. भारतातील अभ्यासांच्या २०१४ मधील एका आढाव्यात हा हिशेब मिळतो. मध्यक काढला तर रुग्ण पहिल्या डॉक्टरपर्यंत पोचायला सुमारे १८ दिवस, तेथून निदानापर्यंत ३१ आणि पुढे औषध सुरू व्हायला अडीच. उशिराचा मोठा वाटा दवाखान्याची पायरी चढल्यानंतरचा आहे.

याचे एक कारण जंतूच्या स्वभावात आहे. ई. कोलाय अनुकूल स्थितीत २० मिनिटांत दुभंगतो, क्षयाचा जंतू सुमारे २० तासांनी. आजार संथ, म्हणून प्रथम साधा खोकला समजून औषध दिले जाते. त्यात लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखे प्रतिजैविक असले तर तेही क्षयाच्या जंतूंना काही काळ दाबते. रुग्णाला बरे वाटते, थुंकीत जंतू सापडेनासे होतात. खोकला उलटला की रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे जातो.

मुंबई व पाटण्यात प्रशिक्षित व्यक्तींना रुग्ण म्हणून पाठवून केलेली पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे ३५ टक्के भेटींतच योग्य पाऊल उचलले गेले. कागदी प्रश्नावलीपेक्षा मला ही पद्धत अधिक विश्वासार्ह वाटते.

तरीही हे सारे शहरांचे चित्र. पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या परिसरातील वाड्यांमध्ये गल्लोगल्ली दवाखाने नाहीत. रायगडातील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात, आणि क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. धारावीचे आकडे येथे लावून भागणार नाही. येथला उशीर वेगळा मोजावा लागेल. मोजणाऱ्यांनी आधी शाळेत जावे. पटावर गैरहजेरी मांडणाऱ्या गुरुजींना कुटुंब कोणत्या भट्टीवर गेले आहे, हे बहुधा ठाऊक असते.