संयोग की समवाय? हेकनच्या ‘अ‍ॅक्वेरियस’विषयी

आजचा विषय प्रोग्रेसिव्ह मेटल आहे म्हटल्यावर काहींच्या भुवया वर गेल्या असतील. असू द्या. प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे. जुनं आणि नवं एकत्र आलं की त्यातून काही तिसरं कधी जन्मतं, आणि दोन्ही नुसती शेजारी कधी बसतात?

उदाहरण घेऊ लंडनच्या हेकन या बँडच्या पहिल्या अल्बमचं. ‘अ‍ॅक्वेरियस’, साल २०१०. सात रचना, सत्तर मिनिटांहून अधिक संगीत.

आधी थोडी पार्श्वभूमी. ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणजे पुढे जाणारं. किंग क्रिमसनचा पहिला अल्बम १९६९चा. त्यानंतर येस, जेनेसिस, जेंटल जायंट यांनी लांब रचना, विषम मात्रांची वळणं, ऑर्गन आणि सिंथेसायझर यांची एक भाषाच घडवली. पुढे ड्रीम थिएटरसारख्या बँडनी तिला मेटलचं वजन दिलं. म्हणजे २०१०मध्ये या ‘पुढे जाणाऱ्या’ संगीताच्या पाठीशी चाळीस वर्षांची वडिलोपार्जित इस्टेट होती! नव्या मुलांनी करायचं काय? इस्टेट नाकारली तर भाषाच उरत नाही. नुसती सांभाळत बसली, तर ‘प्रोग्रेसिव्ह’ हे नाव खोटं पडतं.

इथे न्याय-वैशेषिकांचा एक भेद कामाला येतो. टेबलावर पुस्तक ठेवलं, तो संयोग. पुस्तक उचललं, संबंध संपला. दोघांचंही काही बिघडलं नाही. पण तंतू आणि वस्त्र यांचा संबंध समवायाचा. तंतू काढून घ्या, वस्त्र उरत नाही. जुन्या-नव्याची सरमिसळ ऐकताना मी हीच कसोटी लावतो: यातलं जुनं उचलून घेतलं, तर रचना उरते का?

या कसोटीवर ‘अ‍ॅक्वेरियस’ सगळीकडे उतरत नाही, हे स्पष्ट सांगतो. कथा आहे माणसांच्या पोटी जन्मलेल्या मत्स्यकन्येची, महापुराची आणि त्यागाची. ‘स्ट्रीम्स’मध्ये गोड सुरावटीतून गायक रॉस जेनिंग्ज एकदम घशातून गुरगुरायला लागतो. दचकायला होतं; पण ती गुरगुर काढून टाकली तरी गाणं उभं राहतं. सर्कशीची आठवण देणारे तुकडेही असेच मध्येच येतात. ऐकायला मजा येते, यात शंका नाही. पण हा संयोग झाला. पदार्पणातल्या कलावंताला येतं ते सगळं दाखवायचं असतं, त्याची ही खूण.

‘ड्राउनिंग इन द फ्लड’ मात्र निराळं आहे. तिथे गिटारचा आघात जड, तुटक, अगदी आजचा आहे. कथेत पूर आलेला आहे, आणि तो जडपणा पुराचंच वजन होऊन येतो. आधुनिक ध्वनीला इथे काम मिळालं.

आणि मग शेवटची रचना, ‘सेलेस्टियल एलिक्झर’, सुमारे सतरा मिनिटांची. या लांबीच्या रचनेचा साचा सत्तरच्या दशकातला. आधी ऐकलेल्या सुरावटी इथे परत येतात, पण वेगळ्या वेगात, वेगळ्या वाद्यांवर, वेगळ्या वजनाने. सुटे वाटलेले धागे एकमेकांत शिरतात. जुनी पद्धत काढून घ्या, या सुरावटींना परतायला जागा राहणार नाही. नवा आघात काढून घ्या, त्या परततील, पण काही भोगून आल्यासारख्या वाटणार नाहीत. हा समवाय.

कुणी म्हणेल, सर, हे तर नॉस्टॅल्जियाचंच समर्थन झालं. नाही. नॉस्टॅल्जियाला जुनी वस्तू जशीच्या तशी हवी असते, तिला ओरखडासुद्धा पडलेला चालत नाही. परंपरेत राहणारा ती वस्तू वापरतो, आणि वापरली की ती बदलते. ख्यालगायकीत घराण्याची तीच बंदिश प्रत्येक चांगल्या गवयाकडे थोडी निराळी होते, आणि तरी आपण तिला तीच बंदिश म्हणतो.

तेव्हा माझा निर्णय असा: हा अल्बम निर्दोष नाही. पहिल्या रचनेपासून शेवटच्या रचनेपर्यंत तो संयोगाकडून समवायाकडे जातो, आणि त्याची खरी प्रगती ती आहे. ऐकायचा तर क्रमाने ऐका. शेवटची रचना एकटी ऐकलीत, तर वस्त्र दिसेल. ते विणलं कसं गेलं, ते कळणार नाही.

आता प्रश्न घेऊ.