कलम पाठ, नळ अनोळखी

रत्नागिरीहून समुद्रकाठच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाताना आरे आणि वारे ही गावे लागतात. प्रवासी तिथे थांबून समुद्र पाहतात. आम्ही या वेळी घरांच्या भिंतींवरून गेलेले पाण्याचे लोखंडी नळ पाहत हिंडलो. सरळ भागावर जस्ताचा थर अजून टिकून असतो. गंज दिसतो तो तीन जागी: नळ पट्टीने भिंतीला आवळला आहे तिथे, आटे पाडून जोड दिला आहे तिथे, आणि नळ मातीत शिरतो तिथे. खारा वारा तर सगळीकडे सारखाच लागतो. मग नळ ठरावीक जागीच का खातो?

हा प्रश्न आम्ही पाइपिंग डिझाइनचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या काही तरुणांपुढे ठेवला. कोणत्या कामाला कोणते मानक लावायचे, हे त्यांना तोंडपाठ होते. कारखान्यातील प्रक्रियेच्या नळांना बी ३१.३, द्रव वाहून नेणाऱ्या पाइपलाइनला बी ३१.४, वायूच्या पाइपलाइनला बी ३१.८. नळ मातीत शिरतो ती जागा तपासावी, असे तपासणीच्या मानकात लिहिले आहे, हेही त्यांनी सांगितले. पण का तपासावी, हे सांगता आले नाही. पट्टीखाली खारट ओल साचून राहते. आटे पाडताना जस्त निघून जाते. मातीत आणि हवेत प्राणवायूचे प्रमाण वेगळे असल्याने एकाच नळाचे दोन भाग विजेच्या घटासारखे वागू लागतात. हे रसायन शाळेतलेच आहे.

दोष या मुलांचा नाही. हे अभ्यासक्रम निरुपयोगी आहेत, असेही आम्हाला म्हणायचे नाही. नकाशा वाचणे, जोडांचे प्रकार ओळखणे, संगणकावर नळांची मांडणी करणे ही कौशल्ये तिथे चांगली शिकवली जातात आणि त्यांवर नोकरीही मिळते. आमची तक्रार वेगळी आहे. मानकातल्या बहुतेक कलमांमागे कुठला तरी बिघाड किंवा अपघात असतो. प्रशिक्षणात कलम शिकवतात, त्यामागची हकिकत शिकवत नाहीत. हकिकतीवाचून कलम केवळ पाठांतराचे राहते, आणि पाठ केलेले घाईच्या वेळी पहिल्यांदा विसरते.

इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील कारखान्याचेच पाहा. १९७४ च्या मार्चमध्ये तिथल्या सहा पात्रांच्या रांगेतील पाचव्या पात्राला तडा गेलेला आढळला. ते काढून चौथे आणि सहावे पात्र तात्पुरत्या नळाने जोडायचे ठरले. पात्रांची तोंडे २८ इंची, हाताशी असलेला नळ २० इंची. दोन्ही टोकांना भात्यासारखे लवचीक जोड होते. तोंडे एका पातळीत नसल्याने नळाला मध्ये बाक द्यावा लागला. या नळाचा आराखडा वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढला गेला. मुख्य अभियंत्याची जागा त्या वेळी रिकामी होती. चाचणी झाली, पण ९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबापर्यंतच. सुरक्षा झडप ११ ला उघडणारी होती. १ जून १९७४ रोजी हा नळ निखळला, बाहेर पडलेल्या वाफेचा स्फोट झाला आणि २८ माणसे मेली.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे आपण आठवीत शिकवतो. २८ इंच म्हणजे ७१ सेंटिमीटर; त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ जवळजवळ ४,००० चौरस सेंटिमीटर. कामाचा दाब साधारण ८.८. गुणाकार करा: प्रत्येक टोकाशी सुमारे ३५ टनांचा रेटा! हे दोन रेटे एका रेषेत नव्हते, म्हणून ते नळाला पिळू पाहत होते. आणि नळ नुसत्या परातीच्या बांबूंसारख्या आधारावर टेकला होता. हा गुणाकार कोणीही केला नव्हता. तो न करण्यासाठी पदवी नसावी लागते असे नाही. प्रश्नच न पडणे पुरेसे असते.

तपासणीच्या शिक्षणातही हीच उणीव आहे. चालू कारखान्यातील नळांच्या तपासणीसाठी एपीआय ५७० हे मानक आहे. ध्वनिलहरींनी नळाची जाडी मोजायची, झीज काढायची आणि उरलेले आयुष्य ठरवायचे. समजा नळ मुळात ८ मिलिमीटर जाड होता, दहा वर्षांनी ६.५ भरला, आणि किमान ५ हवा. वर्षाला ०.१५ मिलिमीटर झीज, म्हणजे आयुष्य दहा वर्षे. पुढची मोजणी त्याच्या निम्म्या काळात, म्हणजे पाच वर्षांच्या आत. गणित बरोबर आहे. पण मोजणी नळाच्या वरच्या अंगाला केली असेल, आणि तळाशी पाणी साचून जाडी ५.६ वर आली असेल तर? तळाचे आयुष्य अडीच वर्षेच उरते. उदाहरण बरोबर सोडवणारा तपासनीस पुढच्या खेपेला येईल, तोवर फार उशीर झालेला असेल.

ही नुसती कल्पना नव्हे. आंध्र प्रदेशातील नगरम येथे २७ जून २०१४ रोजी वायूची पाइपलाइन फुटून वीसहून अधिक माणसे होरपळून मेली. कोरड्या वायूसाठी असलेल्या वाहिनीतून पाण्याचा अंश असलेला वायू जात होता आणि नळ आतून गंजला होता. आपल्याच जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात, दाभोळचे द्रवरूप वायूचे केंद्र आहे आणि तिथून २०१३ पासून बेंगळुरूपर्यंत सुमारे हजार किलोमीटरची पाइपलाइन गेली आहे. उद्या तिची देखभाल करायला आपल्या वर्गातलीच मुले जातील.

म्हणून सुरुवात आपल्यालाच करता येईल. आरे-वारेच्या मागे जांभ्याचा सडा आहे. मुलांना उदाहरण घाला: सड्यावर टाकी आहे, वाडी ६० मीटर खाली आहे, नळ १० सेंटिमीटर व्यासाचा आहे. खाली दाब सुमारे ६ किलो. बंद टोकावर रेटा ४७० किलो, आणि काटकोनी वळणावर साधारण ६६५ किलो. पाणी थांबलेले असले तरीही! वळणाशी काँक्रीटचा ठोकळा का घालतात, हे मग सांगावे लागत नाही. नंतर मुलांना आपापल्या घरचा नळ पाहायला पाठवा. गंज कुठे आहे आणि तिथेच का, एवढेच लिहून आणू द्या.

प्रशिक्षण संस्थांकडूनही आमची मागणी फार मोठी नाही. प्रत्येक महत्त्वाच्या कलमाबरोबर एक अपघात शिकवा, आणि प्रमाणपत्र देण्याआधी विद्यार्थ्याला एका गंजक्या नळासमोर उभे करून विचारा: मोजणी कुठे करशील, आणि तिथेच का?