बीव्हरने ओढा वाचवला, पण कधी?

'स्मोकी द बीव्हर' हा पेपर तुमच्यापैकी काहींनी नुसत्या नावामुळे डाउनलोड केला असेल. मीही तसाच केला होता. एमिली फेअरफॅक्स आणि अँड्र्यू व्हिटल यांचा हा पेपर २०२० मध्ये 'इकॉलॉजिकल ॲप्लिकेशन्स'मध्ये आला. पश्चिम अमेरिकेतले पाच मोठे वणवे घेऊन त्यांनी बीव्हरचे बांध असलेले आणि नसलेले ओढाकाठ उपग्रहाच्या एनडीव्हीआयवर, म्हणजे झाडोऱ्याच्या हिरवेपणावर, ताडून पाहिले. बांध नसलेल्या ठिकाणी आगीच्या काळात हिरवेपणा सरासरी ३.०५ पट जास्त घटला.

कारण सरळ आहे. बांधामुळे पाणी तुंबतं, बाजूच्या मातीत मुरतं आणि ओली झाडं सहजी पेटत नाहीत.

आता गंमत बघा. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी याच पेपरचा हवाला देऊन लिहिलं होतं, 'बीव्हरमुळे वणव्यानंतर ओढे लवकर सावरतात.' गाईडनी समासात पेन्सिलने विचारलं, "ॲबस्ट्रॅक्ट शेवटपर्यंत वाचलंस का?" नव्हतं वाचलं! तिथे स्पष्ट म्हटलंय की पुढच्या वर्षी हिरवेपणा दोन्हीकडे परतला, बीव्हर असो वा नसो. म्हणजे पेपरने दाखवलाय तो आगीतला प्रतिकार. नंतरचं सावरणं नाही. लेखकांनी हा फरक स्वतःहून मांडलाय, याचं मला फार कौतुक वाटतं. लपवणं सोपं होतं.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. बीव्हर जागा स्वतः निवडतात: कमी उताराची, रुंद दरीची, जिथे बांध टिकेल अशी. अशी जागा मुळातच ओलसर असू शकते. तुलना 'सारख्या' ओढाकाठांशी केलीय हे खरं, पण बीव्हर कुठे राहणार हे संशोधकाने ठरवलेलं नाही. मग ३.०५ मधला किती वाटा बांधाचा आणि किती दरीचा? त्याच जागेची बीव्हर येण्याआधीची आकडेवारी मिळाली तर हे थोडंफार सुटेल.

आणि हिरवेपणा म्हणजे अख्खा ओढा नव्हे. वणव्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात उघड्या उतारांवरून राख नि माती खाली येते. बांधामागच्या संथ पाण्यात ती बसते. बांध फुटला तर पुन्हा वाहून जाते. हे उपग्रहाच्या हिरवेपणात दिसत नाही, तळ्यात उतरून गाळच मोजावा लागतो. 'सावरणं' हा शब्द मी सिनॉप्सिसमध्ये परत घेतलाय, पण आता गाळाच्या प्रश्नासोबत.